ओटीतून गाडीत नाही

माझ्या बायकोचा झेला मी पडवीच्या खांबाला उभा बांधला तेव्हा तिला जाऊन दहा महिने झाले होते. झेला म्हणजे चिकू तोडायची बांबूची लांब काठी. टोकाला लोखंडी कडं आणि कड्याला सुतळीची जाळी. तिचा झेला हलका होता, तिच्या हाताला बसेल असा तासून घेतलेला. ती गेल्यावर मी त्याला कुणाला हात लावू दिला नाही. स्वतः मात्र रोज वापरत होतो.

खांबाला बांधला तो चिकूसाठी नाही. मुलीच्या नेटसाठी.

आमची एकच मुलगी. बेंगळुरूला संगणकाच्या कंपनीत आहे. मी चौथी शिकलो, ती काय शिकली ते मला धड सांगता येत नाही. आईचं वर्षश्राद्ध होईपर्यंत घोलवडला राहून इथूनच काम करते, असं तिने ऑफिसात मागून घेतलं होतं. त्यांनी हो म्हटलं, पण मीटिंग चालू असताना नेट तुटता कामा नये अशी अट घातली. तुटायला लागलं तर परत या. हे २०१७ सालातलं. तेव्हा घरी बसून नोकरी करते म्हटलं की लोक तोंडाकडे बघायचे. माझ्या चुलतभावाने तर मला बाजूला घेऊन विचारलं, "काढून टाकलं काय रे तिला?"

त्याच चुलतभावाच्या घरी वाडीच्या पलीकडे नेट होतं. आमच्या घरात मोबाइलला एक काडी यायची, तीही वारा आला की जायची. चुलतभाव म्हणाला, माझंच वापर, पैसे नकोत. पण मध्ये चिकूची शंभर झाडं. लॅपटॉपला तेवढ्या लांबचं पकडता येत नव्हतं. मग मुलीने एक डोंगल काढली. बोटाएवढी पांढरी डबी, तिला शेपटासारखा दांडा. ही लांब वायरने लॅपटॉपला जोडायची आणि जितकी उंच ठेवता येईल तितकी उंच ठेवायची, म्हणजे पलीकडचं नेट हिच्यातून येतं.

"उंच म्हणजे किती?" मी विचारलं.

"कौलांच्या वर गेली तर बरं."

मी झेला आणला. डोंगल प्लास्टिकच्या पिशवीत घातली, जाळीत ठेवली आणि काठी खांबाला उभी केली. नेट आलं. मुलगी म्हणाली, "बाबा, चांगलं डोकं चालवलंत." महिनाभरात तिने मला बोललेलं ते सगळ्यात लांब वाक्य होतं.

ते का, तेही सांगून टाकतो. बायकोचं दुखणं काय आहे ते डहाणूच्या डॉक्टरने मला आधी सांगितलं होतं. मी मुलीला कळवलं नाही. तिचं काम चाललंय, उगाच कशाला, असं म्हणत तीन आठवडे घालवले. फोनवर विचारायची तेव्हा "बरी आहे, झोपलीय" म्हणायचो. मुलगी आली तेव्हा आई शुद्धीवर नव्हती. तिने मला शब्दाने काही म्हटलं नाही. जेवायला वाढायची, औषध घेतलंत का विचारायची. पण बोलायची नाही. घरात दोन माणसं असून भांड्यांचाच आवाज व्हायचा.

होळी होऊन गेल्यावरची गोष्ट. एका मंगळवारी रात्री काम आटोपून, लॅपटॉप बंद करायच्या आधी, तिने त्यावर काही नवीन घातलं. लॅपटॉप चालवणारी जी सिस्टीम असते तिची नवी आवृत्ती. जगभरची माणसं मिळून ती लिहितात आणि फुकट देतात, असं ती म्हणाली. फुकट म्हटल्यावर मला तेव्हाच संशय आला होता. पण ऑफिसचं नवं काम त्या नव्यावरच चालणार होतं, जुन्याकडे परत जायची सोय नव्हती.

बुधवारी सकाळी ती आंघोळीला गेली. पडवीसमोरच्या झाडावर चार-पाच चिकू तयार दिसत होते. सोप्यावर चहा संपवला आणि हात आपसूक काठीकडे गेला. चाळीस वर्षांची सवय. खांबाची दोरी सोडली, वायर कुठेतरी अडकली तशी ओढली, ती निसटली. चिकू काढले, जाळी धुण्याच्या टबात उपडी केली. चिकूचा चीक आणि भुसा निघावा म्हणून आम्ही तो पाण्यात घोळवून घेतो. मी घोळवायला लागलो तर हाताला काहीतरी गुळगुळीत लागलं. बघतो तर डोंगल. पिशवीला भोक पडलं होतं, आत पाणी भरलेलं.

मी पहिल्यांदा न्हाणीघराच्या दाराकडे बघितलं. मग डोंगल लुंगीला पुसली. भिजलेला मोबाइल तांदळात ठेवतात हे ऐकून होतो, म्हणून स्वयंपाकघरात जाऊन तांदळाच्या डब्यात खुपसली. मुलगी केस पुसत बाहेर आली, देवापुढे दिवा लावला, तोपर्यंत मी डोंगल काढून जाळीत घालून काठी पुन्हा बांधून टाकली होती. वायरही जोडली. खाली बसून चिकू पुसायला लागलो.

डोंगलचा निळा दिवा लागला. माझ्या जिवात जीव आला. तेवढ्यात आतून मुलीचा आवाज, "अरे."

लॅपटॉप जागच्या जागी थिजला होता. बाण हलेना, बटण दाबून काही होईना. तिने बंद करून चालू केला. डोंगल नसली की सगळं ठीक. वायर लावली की पुन्हा दगड. दुपारपर्यंत तेच. दुपारची मीटिंग तिने वाडीच्या फाटकाशी उभं राहून मोबाइलवर केली, उन्हात, एक बोट दुसऱ्या कानात घालून.

मी बघत होतो. सांगितलं नाही.

गुरुवारी फोनवर ती तिच्या साहेबाशी बोलत होती. इंग्रजीत, पण मंडे आणि ट्यूसडे मला कळतं. फोन ठेवल्यावर म्हणाली, "सोमवारी सगळ्यांना काम करून दाखवायचंय. त्यात तुटलं तर राहता येणार नाही. मंगळवारचं तिकीट काढून ठेवते."

"वर्षश्राद्धाला?"

"त्या वेळी दोन दिवस येईन."

मी बरं म्हटलं. वर्षश्राद्धाला अजून सहा आठवडे होते. तिला 'राहा' म्हणायचा माझा हक्क उरला नव्हता, आणि आता तर तिला घालवायची व्यवस्थाही मीच केली होती. चिकूच्या टबात बुडवून. त्या दिवशी मला भात गिळवेना. ती म्हणाली, "तांदूळ बरा नाही का?" मी म्हटलं, "बरा आहे."

शुक्रवारी ती तलासरीला गेली. तिथे एका दुकानात दुसरी डोंगल मिळेल असं कुणीतरी सांगितलं होतं. सकाळी गेली ती तीन वाजता आली. ओढणी धुळीने तांबडी. अच्छाडच्या नाक्यापासून ट्रकची रांग लागली होती, रिक्षा तासभर एकाच जागी उभी होती म्हणाली. पाणी प्यायली आणि पाकीट फोडायला बसली.

तेव्हा मला राहवेना. नवीन डोंगल चालली तरी माझं खोटं चाललं असतं, आणि नाही चालली तर ती आणखी कुठे कुठे हिंडली असती.

"थांब, बाय," मी म्हटलं. "ती लावायच्या आधी ऐक. जुनी मी चिकूच्या टबात बुडवली. बुधवारी. माझ्यामुळे झालं हे सगळं."

तिने मान वर केली नाही. दाताने प्लास्टिक तोडत होती.

"माहीत आहे," म्हणाली.

"कशावरून?"

"तिला चीक लागला होता. आणि बाजूच्या फटीत तांदळाचा एक दाणा होता. नेट कुठून येतं हे मला कळतं बाबा, त्यातून तांदूळ येत नाही."

"मग विचारलं का नाहीस?"

"तुम्ही सांगता का, ते बघत होते."

"तीन दिवस?"

"आईच्या वेळी तीन आठवडे नाही सांगितलंत. हे तीन दिवसांत सांगितलंत. सुधारणा आहे."

टोमणाच होता. पण दहा महिन्यांत त्या विषयावर बोललेलं ते पहिलंच. मी पायरीवर बसलो. म्हटलं, "तिनेच नको सांगू म्हटलं होतं."

"ती म्हणणारच. तुम्ही का ऐकलंत? एरवी तिचं किती ऐकायचात?"

खरंच ऐकत नव्हतो. मी म्हटलं, "चुकलं माझं." एवढे दोन शब्द. तोंडातून निघाले आणि छातीवरची गोणी कुणी उतरवून घ्यावी तसं झालं. तिने नाक ओढलं, ओढणी धुळीने भरलेली म्हणून बाहीला पुसलं आणि नवीन डोंगल लावली.

निळा दिवा लागला. लॅपटॉप थिजला.

"बघा," ती म्हणाली. "हिला तर तुम्ही हातही लावलेला नाही. वेगळ्या कंपनीची आहे, आतला माल तोच आहे. ती बुडाली म्हणून बिघडलेली नाही बाबा. बिघाड लॅपटॉपच्या आत आहे. मंगळवारी नवीन घातलं तेव्हापासूनचा."

मला त्या क्षणी इतकी भूक लागली की मी उठून सकाळचा भात ताटलीत घेतला आणि उभ्यानेच खाल्ला. तिचं काम अडलेलंच होतं, तिकीट काढलेलंच होतं. तरी खाल्ला. माझ्यामुळे नव्हतं.

शनिवारी वाडीत चिकू निवडायला सायवन गावची बाई आली होती. ती वीस-बावीस वर्षं आमच्याकडे येते, बायकोच्या बरोबरीची. पडवीत तिच्यापुढे ढीग घालून मी समोर बसलो. मुलगी खिडकीशी लॅपटॉप घेऊन. पडद्यावर काळ्यावर पांढरी अक्षरं, मुंग्यांची रांग चालल्यासारखी. मध्येच ती हाक मारायची, "बाबा, काढा." मी वायर काढायचो. "लावा." लावायचो. लॅपटॉप थिजायचा. ती चालू करायची, वाचायची, कपाळाला हात लावायची. असं सकाळपासून.

साडेदहाला ती उठून उभी राहिली. "सापडलं."

"काय?"

"कसं सांगू तुम्हाला," म्हणाली, आणि पुन्हा बसली. पण सांगायचं होतंच तिला, सापडल्यावर माणसाला गप्प बसवत नाही.

तिने सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो. डोंगल आणि लॅपटॉप यांच्यात निरोप पोचवणारा एक मजकूर कुणीतरी लिहून ठेवलेला असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. डोंगलला सांगायचं असतं, जागी हो, अमकं कर. तो निरोप चार-सहा अक्षरांचा. आता ड्रायव्हर तो निरोप कुठे मांडतो, तर हातातलं काम करायला जी तात्पुरती जागा मिळालेली असते तिथेच. काम संपलं की ती जागा रिकामी होते, लगेच दुसऱ्या कामाला जाते. आणि निरोप उचलून न्यायला येतो तो वेगळाच. तो ड्रायव्हरला विचारत नाही. अमक्या जागी माल आहे एवढं त्याला सांगितलेलं असतं, तो थेट तिथे हात घालतो.

"इतकी वर्षं कसं चाललं मग?" मी विचारलं.

"नशिबाने. जागा नेहमी एकाच बाजूला असायच्या, उचलणाऱ्याला सापडायच्या. नव्या सिस्टीममध्ये त्या तात्पुरत्या जागा दुसरीकडे हलवल्या. चांगल्यासाठीच हलवल्या, कुणी आपल्या जागेबाहेर सांडलं तर लगेच पकडता यावं म्हणून. पण उचलणाऱ्याला तिकडचा रस्ता माहीत नाही. तो भलतीकडेच हात घालतो, आणि सगळं थांबतं."

मी सायवनच्या बाईकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. तोंडाला पदर लावला होता तिने.

"काय झालं?" मुलीने विचारलं.

"शेट, तुम्हीच सांगा," बाई म्हणाली. "माझं नाव घेऊन सांगा, मला काय लाज नाही आता."

ज्या गाठोड्याने घोळ झाला ते तिचंच होतं म्हणून. फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा बाया निवडलेला चिकू लुगड्याच्या ओटीत घ्यायच्या. गाडी भरणारा गडी यायचा आणि ओटीतूनच ओंजळीने उचलून खोक्यात टाकायचा. घोलवड स्टेशनवर माल वेळेत पोचवायची घाई. तो कधी खाली बघायचा नाही, नजर गाडीकडे. कोण कुठे बसतं ते त्याला पाठ होतं. एकदा एक बाई ओटी भरलेली असताना पोराच्या रडण्याने उठून गेली. तिच्या जागी सायवनच्या बाईने आपलं गाठोडं ठेवलं. भाकरी आणि सुके बोंबील. गड्याने सवयीने मागे हात घातला, हाताला फडकं लागलं, त्याने ते उचलून खोक्यात दाबलं आणि वर पेंढा घालून खोकं खिळून टाकलं.

बोंबील दिल्लीला गेले.

"तिकडचा व्यापारी जैन होता," बाई म्हणाली. "आणि मी इकडे दिवसभर उपाशी. कुत्र्याने नेलं म्हणून कुत्र्याला दगड मारले."

मुलगी हसली. हसताना तिचा आवाज आईसारखा होतो, हे मी विसरलो होतो.

व्यापाऱ्याच्या शिव्या मी खाल्ल्या. पण नियम बायकोने केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत उभं राहून सगळ्यांना ऐकवलं. ओटीतून गाडीत नाही. माल बाहेर द्यायचा तर आधी माझ्याकडे येऊन रिकामी करंडी मागा. जेवढा माल तेवढी करंडी. करंडी शिल्लक नसेल तर मी नाही म्हणेन, तेव्हा गप बसायचं, ओटीतून द्यायला जायचं नाही. मिळाली तर त्यात माल ओता, जमिनीवर ठेवा. गड्याने फक्त करंडीला हात लावायचा. तो उचलून नेईपर्यंत तुम्ही उठा, बसा, पोराला पाजा, करंडी जागची हलत नाही. आणि काम झालं की करंडी माझ्याकडे परत.

हे मी सांगत असताना मुलीचं हसणं थांबलं होतं. ती माझ्याकडे टक लावून बघत होती.

"हेच," म्हणाली. "अगदी हेच करायचं असतं. निरोपासाठी जागा वेगळी मागून घ्यायची. मिळाली का ते बघायचं. निरोप तिच्यात ठेवायचा. पोचला की जागा परत करायची."

"मग कर की."

"मला हे लिहून पाठवायचंय सिस्टीम लिहिणाऱ्या त्या लोकांना. का करतेय ते दोन ओळींत सांगावं लागतं. मघापासून शब्द शोधत होते."

"बोंबलाचं लिहू नकोस," बाई म्हणाली.

तिने दुपारपर्यंत दुरुस्ती लिहिली. फार नव्हतं, दहा-पंधरा ओळी. मला दाखवल्या. मी काय वाचणार, पण तिने बोट ठेवून सांगितलं, ही करंडी मागितली, ही नसेल तर मागे फिरला, हा माल ठेवला, हा गड्याला दिला, ही करंडी परत. मी मधल्या एका ठिकाणी बोट ठेवलं. तिथून रांग वेगळीकडे वळत होती.

"हे काय?"

"निरोप पोचला नाही तर इथून बाहेर पडायचं."

"मग करंडी?"

"काय करंडी?"

"गडी आलाच नाही, माल गेला नाही. करंडी कोण परत करतं? तुझ्या आईचं भांडण सगळं त्यावरून असायचं. काम झालं की आणतात सगळे. काम मोडलं की करंडी तिथेच सोडून घरी जातात. मग महिन्याने म्हणायचं, करंड्या कुठे गेल्या."

"बाबा, तीन वाजलेत, जेवून घ्या," ती म्हणाली. दुरुस्ती तिने तशीच पाठवली. लॅपटॉपवरही घातली. मी वायर लावली. निळा दिवा लागला. बाण हलला. लॅपटॉप चालू.

आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता पडद्याकडेच बघत राहिलो. नजर लागेल की काय असं.

तिला खात्री करायची होती. शंभर वेळा काढून लावायचं म्हणाली. मी चिकूच्या बिया घेतल्या, एकदा लावलं की एक बी उजवीकडे. चाळीसच्या पुढे सायवनची बाई म्हणाली, "म्हातारपणी खेळ मांडलाय," आणि घरी निघाली. शंभर बिया उजवीकडे गेल्या. एकदाही थिजला नाही.

रविवारी सकाळी मी झाडाखाली पाचोळा ओढत होतो. मुलगी खिडकीतून ओरडली नाही, बाहेर चालत आली. अनवाणी. मला वाटलं, पुन्हा बिघडलं.

"उत्तर आलं त्यांचं," म्हणाली. "कुठल्या देशातला आहे माहीत नाही, तो या कामावर लक्ष ठेवतो. लिहिलंय, दुरुस्ती बरोबर आहे. पण निरोप फसला तर घेतलेली जागा परत दिलेली नाही. ती तशीच अडकून राहील."

मी पाचोळा ओढत राहिलो.

"बाबा."

"ऐकतोय."

"काल तुम्ही हेच म्हणालात."

"मी नाही. तुझी आई."

"काही बोला ना मग. हसा तरी."

"मला जेवायला पाठवलंस तू," मी म्हटलं. तेव्हा मात्र मला हसू आलं. तिलाही. तीस वर्षांची घोडी, वाडीत अनवाणी उभी राहून पोट धरून हसत होती.

तिने तेवढी ओळ घालून पुन्हा पाठवलं. ज्याने सुचवलं त्याचं नाव खाली लिहायची त्यांच्यात पद्धत आहे म्हणाली. "तुमचं घालू?"

"तिचं घाल."

ती म्हणाली, "नावासोबत पत्ता लागतो बाबा. पुढे काही विचारायचं असेल तर ते त्यावर पत्र पाठवतात."

पत्ता लागतो म्हटल्यावर विषय संपला. मी पाचोळ्याकडे गेलो. दोघांचंही घातलं नाही. दोन दिवसांनी त्यांनी ती दुरुस्ती घेतली. जगात जिथे जिथे ती डोंगल असेल तिथे ती जाणार, असं मुलगी म्हणाली. बायकोचा नियम घोलवडच्या पडवीतून इतक्या लांब गेला आणि तिथे कुणालाच माहीत नाही की तो कोणाचा. मला माहीत आहे. मला पुरतं.

पण हे नंतरचं. आधी सोमवार होता.

सोमवारची मीटिंग अकराला. मुलीने दहापासून दार लावून घेतलं. मी पडवीत खांबाशी खुर्ची टाकून बसलो, झेल्याला हात लावून. कोणी म्हणजे मीच सवयीने काढायला नको म्हणून. वाडीत चिकू तयार होते, कावळे टोचत होते, मी उठलो नाही. चुलतभावाला सकाळीच सांगून आलो होतो, बारापर्यंत घरातला दिवा, पंखा, काही बंद करू नकोस. तो म्हणाला, "पंख्याचा काय संबंध?" मी म्हटलं, "मला माहीत नाही. नको करू."

आतून तिचा आवाज येत होता. एकसारखा, न अडखळता. मध्ये थांबली तेव्हा मी झटकन वर बघितलं, पण ती पाणी पीत होती. जाळीत निळा दिवा लुकलुकत होता. सव्वाबारा वाजले, साडेबारा वाजले. दार उघडलं.

ती चौकटीत उभी राहिली. केस विस्कटलेले. म्हणाली, "झालं."

"तुटलं?"

"नाही. दीड तासात एकदाही नाही." मग मोबाइल माझ्यापुढे धरला. मला चष्म्याशिवाय दिसत नाही हे तिला माहीत होतं, तरी धरला. "तिकीट रद्द केलं. वर्षश्राद्धापर्यंत आहे मी."

मी म्हटलं, "बरं." मग म्हटलं, "दुपारी काय करायचं? बोंबील आहेत."

"करा," ती म्हणाली. "मी भाकरी टाकते."

जेवण झाल्यावर मी परसातून एक सुका बांबू काढला. डालडाच्या जुन्या डब्याचं झाकण कापून त्याला खोबण केली, डोंगल तिच्यात बसवली, वर प्लास्टिक चांगलं दुहेरी बांधलं आणि तो बांबू खिळे मारून खांबाला पक्का केला. हा बांबू फक्त डोंगलचा. झेला सुटा झाला. मंगळवारी सायवनची बाई आली तेव्हा तो तिच्या हातात दिला. दहा महिन्यांनी पहिल्यांदा दुसऱ्या कुणाच्या हातात दिला.

तिने काठी तोलून बघितली. म्हणाली, "ताईची आहे ना? हलकी आहे." आणि पडवीसमोरच्या झाडाखाली गेली, जिथे कावळ्यांनी टोचलेले सोडून अजून बरेच चिकू शिल्लक होते.